कोट नाय तर डॉक्टर नाय

आमचे हे, नाव घेते आता, लाजायचे दिवस गेले, हिरामण, आयुष्यभर एका गोष्टीवर अडून राहिले. अंगात पांढरा कोट नसेल तर तो डॉक्टरच नव्हे. मग भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं टांगलेली असोत, पेशंटची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असो. हे दारातून आत डोकावायचे, कोट दिसला नाही की तोंड फिरवायचे. "कोट नाय तर डॉक्टर नाय," एवढं बोलून सरळ रिक्षा स्टँड. मी चपला शोधत मागून धावायची.

लोक हसायचे. आमच्या जांभूळ गावात तर लग्नाच्या पंगतीत ह्यांची नक्कल करायचे. मी हसू द्यायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना कशाला सांगत बसायचं?

आमची पहिली मुलगी तेजल. गुटगुटीत, नुकती रांगायला लागलेली. तिला ताप आला. तेव्हा गावात एक जण यायचा स्कूटरवरून, पँट-शर्ट घातलेला, हातात काळी बॅग. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. त्याने सुई दिली आणि पोरगी माझ्या मांडीवर ताठ झाली. ह्यांनी तिला छातीशी धरून कुणाच्या तरी टेम्पोतून उल्हासनगरला नेलं. तिथे पांढऱ्या कोटातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सुई चुकीची होती, आणि देणारा डॉक्टर नसणार. पुढे त्या स्कूटरवाल्याला पोलिसांनी उचलला. नववी नापास निघाला मेला. कुठेतरी कंपाउंडर होता, गावात येऊन डॉक्टर झाला.

तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पँट-शर्टवाला मारतो, कोटवाला खरं बोलतो. किती डोकं आपटलं मी. पालथ्या घड्यावर पाणी. मी विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली, सातवीपर्यंत शाळेत गेलेली, मला कळायचं की कोटाला काही डिग्री नसते. पण तेजलचं नाव निघालं की मीही चपला शोधायला लागायची. पुढे महेश झाला, तर त्याच्या साध्या सर्दी-खोकल्यालासुद्धा आम्ही जवळचे दवाखाने टाकून उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सिंधी डॉक्टरकडे जायचो, कारण तो मे महिन्यातही कोट घालून घाम पुसत बसायचा. तो डॉक्टर म्हातारा होऊन परदेशात मुलाकडे गेला तेव्हा ह्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्यानंतर ह्यांनी डॉक्टरची पायरीच सोडली. साखर होती अंगात, तरी जुन्याच गोळ्या मेडिकलवाल्याकडून आणून खायचे.

मग आली ह्यांच्या पुतण्याची हळद. आम्हा आगऱ्यांत लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. अख्खं गाव मांडवात, ब्रास बँड, आणि हे नवरदेवाचे काका, म्हणजे नाचायलाच हवं. मी आधीच बजावलं होतं, पायातल्या चपला काढू नका. तर म्हणाले, मांडवात देव बसवलाय, चपला घालून कसा नाचू. कुणीतरी बाटली फोडलेली. काच तळव्यात घुसली आणि ह्यांना पत्ता नाही. साखरेच्या माणसाचे पाय बधिर होतात, टोचलेलं कळत नाही. दुसऱ्या दिवशी चादरीवर डाग बघून मी ओरडले तर म्हणे, हळद लागली असेल. लाल हळद कुठल्या दुकानात मिळते, मी म्हटलं.

घरच्या घरी पट्टी बांधली आणि चालत राहिले. डॉक्टरकडे चला म्हटलं की मलाच उलट विचारायचे, कोटवाला कुठे उरलाय तो दाखव. आधी अंगठा काळा पडला, मग बाजूची बोटं. वास यायला लागला तेव्हा महेशने ऐकून घेतलं नाही, ह्यांना उचलून रिक्षात घातलं. उल्हासनगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही.

आणि देवाची करणी बघा, तिथे एकाच्याही अंगावर कोट नाही. नर्स निळ्या कपड्यात, साफसफाईवाले करड्या, आणि डॉक्टर अर्ध्या बाह्यांच्या हिरव्या झग्यात, गळ्यात दोरीला कार्ड. ह्यांना तपासायला आली ती वैदेही डॉक्टर. तिशीच्या आतली, केस वर बांधलेले, हातात बांगडी नाही की घड्याळ नाही. मुलीने पाय नीट पाहिला, बोटं दाबली, रक्त घेतलं, एक्स-रेला पाठवलं. सगळं झाल्यावर ह्यांनी तिला विचारलं, सिस्टर, डॉक्टर कधी येणार? ती म्हणाली, काका, मीच डॉक्टर. हे तोंड दाबून हसले.

संध्याकाळी मोठे सर्जन आले. ते तर चौकडीच्या हाफ शर्टात. बिचारे पलंगाशी उभं राहून समजावत होते की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर विष रक्तात चढेल. हे मान हलवत होते. ते गेल्यावर मला म्हणतात, "इम्याचा एजंट होता काय गो?" मला हसू आलं. मग तिथेच पदरात तोंड घालून रडले.

वैदेहीने मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. पाय गेला तर माणूस राहील, पाय ठेवला तर दोन्ही जातील. माणूस शुद्धीवर आहे, समजतंय त्याला, म्हणजे त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय आम्ही सुरी लावू शकत नाही. तुम्ही काहीही करून त्यांना तयार करा, आणि लवकर करा.

मी म्हटलं, बाय, ते तुझ्या अंगात कोट नाही म्हणून अडलेत. तिला आधी खरंच वाटेना. मग तिने समजावलं. कोटाच्या लांब बाह्या एकाच्या जखमेला लागतात, त्याच पुढच्या पेशंटच्या अंथरुणाला लागतात. कोट काही रोज धुतला जात नाही. त्यातून रोग पसरतो, म्हणून इथे वॉर्डात कोट बंद केलाय. मला पटलं. जाऊन ह्यांना सांगितलं. तर म्हणाले, बाही मळली तर धुवायची. पोलीस वर्दी मळली म्हणून बनियनवर फिरतो काय?

दारावरचा वॉचमन वेगळंच सांगायचा. म्हणे मागे एकदा पेशंट दगावला तेव्हा नातेवाइकांनी कोट बघून एका डॉक्टरला पकडला आणि जिन्यावरून फरफटत नेला. तेव्हापासून डॉक्टर लोकही मनातून खूश आहेत. कोट दिसला की माणसं धावत येतात, कुणी पाया पडायला, कुणी मारायला. कोट नसला की गर्दीत मिसळता येतं.

सगळ्यांचंच खरं असेल. पण माझ्या नवऱ्याचा पाय सडत होता, मला त्यांच्या खऱ्याचं काय लोणचं घालायचं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्याशी भांडले. आधी लहान मुलासारखं समजावलं, मग नको नको ते बोलले. म्हटलं, एका पायाचा नवरा चालेल मला, फोटोतला नको. महेशचं लग्न बघायचंय ना, खुर्चीत बसून बघा. कशालाच बधेनात. शेवटी मी तेजलची शपथ घातली. कधी घालत नाही मी ती. तेव्हा हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बकुळा, कोटवाला डॉक्टर येऊन बोलूदे. तो पाय काप बोलला त काप. मी सही करतंव. माजा शब्द."

मला वाटलं, सुटले. एक कोट, दुसरं काय हवंय? मी तशीच धावत वैदेहीला शोधायला गेले. ती ड्युटी संपवून निघतच होती. ऐकून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, काकी, एवढी वर्षं शिकले, तरी दिवसभर सगळे मला सिस्टर म्हणतात, डॉक्टर कधी येणार विचारतात. आणि आता माझ्या शब्दाला किंमत नाही, कापडाला आहे? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुझा मान ठेव तुझ्यापाशी, माझं कुंकू बघ. तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग हळूच म्हणाली की तिचा कोट घरी शिरगावात कपाटात आहे, सरांना विचारून ठेवते आणि सकाळी येताना घेऊन येते. जाता जाता माझ्या दंडाला हात लावून गेली. वाईट नव्हती ती मुलगी.

मी महेशला फोन लावला. तो अंबरनाथला केमिकल कंपनीत प्लँटवर. मागे मशिनचा आवाज, त्याला नीट ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं की बाबा कबूल झालेत, कोटवाला डॉक्टर बोलला तर सही करणार, आणि डॉक्टरीण उद्या सकाळी कोट आणतेय. तो म्हणाला, "उद्या कशाला? ती स्वतःच बोलली ना लेट नको? तू टेन्शन घेऊ नको आये, मी बघतो." आणि फोन कट. माझा मुलगा. बापाचा हट्ट आणि आईची जीभ, दोन्ही घेऊन आलाय. त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कुठे माहीत.

दुपारी भेटायच्या वेळेला वॉर्डाच्या दाराशी वॉचमन खाडकन उभा राहिला. एरवी कुणाला सलाम न ठोकणारा तो, त्याने सलाम ठोकला. आत आले पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर. चष्मा, थोडं पोट सुटलेलं, खिशाला पेन. वॉर्डातली कुजबुज थांबली. बाजूच्या पलंगावरच्या सिंधी बाईने डोक्यावर ओढणी घेतली, समोरच्या आजोबांनी पडल्या पडल्या हात जोडले. मीही उभी राहिले. मला वाटलं, वैदेहीने मोठ्या सरांना सांगितलं असणार आणि सरांनी ह्यांना पाठवलं असणार. पोरगी शब्दाला जागली, मी मनात म्हटलं.

आमच्या ह्यांचा चेहरा तर बघण्यासारखा. कोपरं टेकून उठायला लागले. डॉक्टर म्हणाले, नमस्कार काका, मी इथला मोठा डॉक्टर. आता, खरा मोठा डॉक्टर कधी मी मोठा डॉक्टर म्हणून सांगत येतो का? पण तेव्हा एवढं कुणाला सुचतंय. कोटाच्या बाहीवर पिवळे डाग होते, ते मला औषधाचे वाटले.

त्यांनी पायावरची चादर बाजूला केली आणि लगेच परत ओढली. तोंडाला कोरड पडल्यासारखं करत होते. काका, तुमचा पाय, एवढं म्हणून थांबले. ह्यांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातात धरला. शेतात राबलेले हात, एकदा धरला की सुटत नाही.

"डॉक्टरसाहेब, हे सगले कापा बोलतान. मी कोनाचा आयकला नाय. तुमी बोला, मी आयकतंव. फक्त एक सांगा. तुमचा बापूस असता हितं, त कापला असता त्याचा पाय?"

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "नाही काका. कापायची गरज नाही. गोळ्यांनी होईल बरं."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी पाया पडायला वाकले तर ते चटका बसल्यासारखे मागे सरकले आणि भराभर निघून गेले. मला त्याचंही कौतुक वाटलं, केवढा साधा माणूस. इकडे ह्यांनी मला हसून दाखवलं, बघ, होतो की नाही मी बरोबर? डब्यातली भाकरी मागून घेतली आणि सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर खाल्ली. अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगत होते, पाय वाचला म्हणून. खोटं कशाला बोलू, मीही आनंदाने वेडी झाले होते. वैदेहीचं बोलणं मी साफ विसरले. माणसाला जे हवं असतं ते कुणी बोललं की कान दुसरं काही ऐकत नाहीत.

डबा धुवायला बाहेर गेले तर जिन्याजवळ महेश. त्याने त्या डॉक्टरांची कॉलर धरलेली. मी धावले. अरे मेल्या, डॉक्टरवर हात टाकतोस? महेश माझ्याकडे वळला, डोळे लाल. म्हणाला, हा डॉक्टर नाही आये, हा सुयोग आहे, आमच्या लॅबमध्ये असतो. कंपनीच्या लॅबमध्ये सगळ्यांना पांढरे कोट. बाबांनी ह्याला कधी बघितला नव्हता, दिसतो पण डॉक्टरसारखा, म्हणून आणला. पाय कापावा लागेल, सही करा, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. रिक्षात तीनदा म्हणून घेतलं मी त्याच्याकडून.

मला आधी कळेचना तो काय बोलतोय. कळलं तेव्हा मी महेशच्या थोबाडीत मारली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. सुयोग भिंतीला टेकून रडत होता, एवढा बाप्या माणूस. म्हणाला, काकी, त्यांनी बापाचं विचारलं. माझ्या तोंडून निघालंच नाही हो. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता आत जा आणि खरं सांग. मी महेशकडे वळले तेवढ्यात तो कोट काखेत मारून जिना उतरून पळाला. नंतर त्याचा फोन बंद.

महेशने बापाचे पाय धरले. दुखरा नाही, दुसरा. सगळं सांगितलं, कोट कुठला, माणूस कुठला. मीही सांगितलं. हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, तुम्हाला पाय कापायचाच आहे, म्हणून आता त्या देवमाणसाला खोटा पाडताय. काही केल्या ऐकेनात. खरं तर त्यांच्या जागी मी असते तरी काय वेगळं म्हटलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेही आली, हातात इस्त्रीचा कोट घडी करून. मी सगळं सांगितलं. ती संतापली. म्हणाली, हा गुन्हा आहे, तो माणूस पुन्हा इथे दिसला तर मी पोलिसांना बोलावेन. मी हात जोडले. म्हटलं, बोलाव नंतर, फासावर चढव हवं तर, पण आधी त्याला शोधून आणू आणि कापा म्हणायला लावू. त्याचंच ऐकणार आहेत ते.

"नाही काकी. एका खोट्यावर दुसरं खोटं मी चालू देणार नाही. मी डॉक्टर आहे, माझ्याकडे कोट आहे, मी खरं बोलेन."

चुकीचं काय होतं त्यात? काही नाही. तिने कोट घातला, बटणं लावली. खिशावर तिचं नाव धाग्याने भरलेलं होतं. आईने भरून दिलं असेल. ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एकेक गोष्ट नीट सांगितली, रक्तात काय चढलंय, आज नाही कापला तर काय होईल. इतकं समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, माझी कीव केली.

"काल हिरव्या झग्यात होतीस ना गो? आज ह्यांनी तुला कोट घालाला लावला." आवाजात राग नव्हता, उलट मुलीला समजावावं तसं बोलले. "कपडे बदलून कोन डॉक्टर होत नाय, पोरी."

तिने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यांनी बघितलंही नाही, भिंतीकडे तोंड केलं. ती बाहेर आली, कोट काढला आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. मला तिचा राग आला होता. कोट आदल्या दिवशी असता तर, असं सारखं मनात येत होतं. तरी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दोघींना जायला दुसरी जागा नव्हती.

मोठे सर येऊन गेले, गावचे चार लोक येऊन गेले. ज्यांनी पंगतीत नक्कल केली होती तेही हात जोडून समजावत होते. हे सगळ्यांना एकच सांगायचे, मला मोठ्या डॉक्टरने सांगितलंय. गोळ्या मात्र वेळच्या वेळी मागून घ्यायचे. डॉक्टरचा शब्द मोडायचा नाही ना.

मग थंडी वाजून ताप चढला. दात वाजत होते, चार चादरी पुरेनात. तेजलला हाका मारायला लागले. तिला उचल, टेम्पो आला, म्हणायचे. मला ओळखेनासे झाले तेव्हा डॉक्टरांनी माझी आणि महेशची सही घेतली. आता गुडघ्याच्या वरून काढावा लागला. वैदेही बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली, त्यावरूनच कळलं. पुढे तिने सांगितलं, पाय काढला, पण विष आधीच चढलंय. किडन्या थांबल्यात. आम्ही करतोय सगळं, पण काकी, मनाची तयारी ठेवा.

हे शुद्धीवर आले. चादर जिथे सपाट झाली होती तिथे हात फिरवत राहिले. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. तेव्हा पहिल्यांदा तोंड फिरवलं. चमच्याने पाणी पाजायला लागले तर ओठ घट्ट मिटून घेतले. महेशच्या हातचंही नको, नर्सच्याही हातचं नको. मी म्हटलं, अहो, बोला तरी, शिव्या द्या. शेवटी फक्त एवढंच म्हणाले, मोठ्या डॉक्टरला बोलवा.

मी बाहेर आले. वैदेही दारातच होती, तिने ऐकलं होतं. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. तो येणार. ती म्हणाली, मी दुसऱ्या वॉर्डात राउंडला जातेय. आणि गेली.

सुयोगचा फोन आता लागत होता. ज्याला मी रात्रंदिवस तळतळाट दिले त्यालाच मी म्हटलं, ये बाबा, आणि कोट घेऊन ये. तो आला. दाढी वाढलेली, दोन घास पोटात गेले नसतील असा चेहरा. दारात उभा राहून कोट घालताना त्याचा हात बाहीत जाईना, म्हणून मीच बाही धरली. काय बोलायचं ते मी त्याला सांगितलं नाही. मलाच कुठे माहीत होतं.

त्याला बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लहान मुलं गाऱ्हाणं सांगतात तसं हात पुढे केला.

"डॉक्टरसाहेब, ह्यांनी माजा पाय कापला. तुमी नको बोललेलात."

सुयोगने तो हात धरला. ह्या वेळी त्याने दाराकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"मीच सांगितलं त्यांना, काका. मी सांगितलं कापायला."

"तुमी सांगितलात?"

"हो. मीच."

ह्यांच्या कपाळावरची आठी गेली. "तुमी सांगितलात, मंग बराबर हाय," म्हणाले, आणि माझ्याकडे तोंड करून पाणी मागितलं.

मी चमच्या-चमच्याने पाजलं, आणि ह्यांनी घेतलं. पाय कापा, एवढं एकच वाक्य बोलायला महेशने त्याला त्या दिवशी आणलं होतं. संध्याकाळी हे गेले, तेव्हा सुयोग पलंगाशी तसाच उभा होता, आणि त्याला जा म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.